उंब्रजचा मसाला

मसाला कमी होतोय हे विनायकरावांच्या लक्षात आलं मंगळवारी सकाळी, आणि बुधवारी ऑफिसला निघेपर्यंत त्यांच्याकडे संशयितांची यादी तयार होती.

ही चपळाई नोकरीतून आलेली. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर माणूस कुणावरही विश्वास ठेवत नाही, आणि विनायकराव तर मुळातच त्या कामाला जन्मलेले. खरं बोलणाऱ्याकडे कागद कमी असतात, चार कागद जास्त निघाले की समजावं काहीतरी शिजतंय, हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी ऑफिसात लावला, नातेवाइकांत लावला, एकदा लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने न मागता आणलेल्या शर्टालाही लावला होता.

पण हा मसाला काही ऐरागैरा नव्हता. शशिकलाबाई श्रावणात गेल्या. चार दिवस तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. आठ महिने झाले होते. घरात त्यांच्या साड्या होत्या, चष्मा होता, अजून चार्ज करून ठेवलेला फोन होता. पण त्यांच्या हातचं आणि अजून न संपलेलं असं घरात एकच उरलं होतं, ती ही मसाल्याची काचेची बरणी. लोणचंही होतं, पण ते भेटायला आलेल्या लोकांनी तेराव्याच्या आतच संपवलं. त्यातल्या दोघांना विनायकरावांनी अजून माफ केलेलं नाही.

त्यांनी शिस्त लावली होती. मसाला फक्त रविवारच्या आमटीत, तोही लहान चमचाभर. या बेताने तो वर्षश्राद्धाच्या जेवणापर्यंत पुरणार होता, आणि त्या दिवशी पानात तिच्या हातची चव असणार होती. याच्यापलीकडे आयुष्याकडून सध्या त्यांची काही मागणी नव्हती.

शिवाय त्या मसाल्याला घराणं होतं. "हा उंब्रजचा मसाला," विनायकराव पाहुण्यांना पहिल्या घासाआधी सांगत. "माझ्या आईचा. शशीने तिचा हात बरोबर उचलला. पहिल्या वर्षी जमला नव्हता, मी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या वर्षी बघा, जसाच्या तसा. इथल्या मसाल्यांचं काय, ते मासळीला ठीक." पाहुणे जन्माने पनवेलचे असले तरी जेवण समोर असल्यामुळे वाद घालत नसत.

तर मसाला कमी होत होता. विनायकरावांनी बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली, पातळीशी रेघ मारली, तारीख घातली आणि खाली सही केली. शुक्रवारी मसाला रेघेच्या बोटभर खाली होता.

पहिली संशयित पोळ्यांच्या गंगाबाई. विनायकरावांनी प्रश्न अगदी सहज विचारला, म्हणजे स्वयंपाकघराचं दार लावून आणि समोर वही घेऊन.

"गंगाबाई, तुमच्या घरी सध्या भाजी कशी होते?"

"चांगली होते. का?"

"म्हणजे, चवीत काही फरक पडलाय का एवढ्यात?"

गंगाबाईंनी पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि हात पुसले. "साहेब, मी तुमचा मसाला नेत नाय. आमच्या घरात तो पोरं खाणार पण नाहीत, मिळमिळीत आहे. ताई होत्या म्हणून सहा वर्षं या घरात आले. आता दोन दिवस येत नाय. डोकं शांत झालं की फोन करा."

कुणाचं डोकं ते त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवस बापलेकींनी पाव खाल्ले. विनायकरावांना चोरीच्या आरोपापेक्षा 'मिळमिळीत' हा शब्द जास्त लागला.

दुसरा संशय निसर्गावर होता. तळमजल्यावरच्या हरेशभाईंचं किराणा दुकान. त्यांनी सांगितलं, "काका, माल बसतो. मसाला आहे, वजनाने खाली बसतो. चोर-बिर कोण नाय." विनायकरावांना हे शास्त्रीय वाटलं. त्यांनी बरणी गदागदा हलवली. मसाला फुलून रेघेच्या वर आला. त्या आनंदात त्यांनी जुनी रेघ खोडून नवी मारली आणि नवी सही केली. सोमवारी मसाला नव्या रेघेच्याही खाली होता आणि जुनी रेघ कुठे होती ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करणारे लोक त्यांनी नोकरीत खूप पाहिले होते, त्यांच्याबद्दल ते फार वाईट बोलत.

उरला सीसीटीव्ही. सोसायटीचे सेक्रेटरी सत्यजीत हे चाळिशीचे, कॉम्प्युटर कंपनीतले, आणि नियमांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. त्यांनी लगेच अर्जाचा नमुना काढला.

"हरवलेली वस्तू?"

"मसाला."

सत्यजीतनी वर पाहिलं, पण लिहिलं. "कुठून घेतला होता?"

"घरी केलेला आहे."

"कुणी?"

"मिसेसनी."

"मग मूळ मालक म्हणून इथे त्यांची सही..." सत्यजीत बोलता बोलता थांबले. पेन टोपणात घातलं, परत काढलं. "तो रकाना आपण मोकळा ठेवू, काका."

विनायकरावांनी मान हलवली. आठ महिन्यांत त्यांनी बँकेत, गॅस एजन्सीत, रेशन कार्डावर तो रकाना बंद करून घेतला होता. मोकळा ठेवायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली. त्यांना उगाचच बरं वाटलं.

अर्ज कमिटीपुढे जायला चार दिवस लागले, पण सोसायटीच्या ग्रुपवर पोचायला चार मिनिटंही लागली नाहीत. 'बी ३०४ मध्ये मसाल्याची चोरी. सर्वांनी आपापल्या बरण्या तपासाव्यात.' संध्याकाळपर्यंत दारात वाट्यांची रांग लागली. गोडा मसाला, मालवणी मसाला, कुणाच्या सासूबाईंचा खास नागपुरी. अकरा वाट्या. प्रत्येकीबरोबर एक चेहरा, आणि प्रत्येक चेहऱ्यावर ती दया, जी विनायकरावांना श्रावणापासून पाठ झाली होती. "माझ्याकडे चोरी झालीय," त्यांनी अकराव्या वाटीला सांगितलं, "दुष्काळ पडलेला नाही." वाटी मात्र ठेवून घ्यावी लागली, कारण ती देणाऱ्या बाई ऐंशीच्या होत्या आणि तीन जिने चढून आल्या होत्या.

अखेर फुटेज दिसलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा पन्नास. रुचिरा, विनायकरावांची एकुलती एक मुलगी, वय वर्षं एकवीस, पाठीला सॅक, हातात स्टीलची छोटी डबी. बँकेच्या परीक्षेचा तिचा क्लास गेटातून उजवीकडे. तिन्ही दिवस ती वळली डावीकडे, एसटी स्टँडच्या दिशेला.

"काका," सत्यजीत हळूच म्हणाले, "मुलगी घरून डबी घेऊन जातेय म्हणजे कुणीतरी खाणारं आहे."

झालं. हे वाक्य विनायकरावांच्या डोक्यात शिरलं आणि तिथेच पाय पसरून बसलं. खाणारं. म्हणजे मुलगा. उलव्याकडे विमानतळाच्या कामावर हजारो मुलं आली होती, त्यातला कुणीतरी. खोली भाड्याची असणार, जेवणाचे हाल असणार, आणि रुचिरा त्याला आईच्या मसाल्याची भाजी करून घालत असणार. कोण कुठला तो, ज्याने शशीला पाहिलंही नाही, तो शशीचा शेवटचा मसाला मिटक्या मारत खात होता. नावही त्यांनी ठरवून टाकलं होतं. निकेश. का कोण जाणे, पण निकेशच असणार.

त्यांनी क्लासला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, रुचिरा दीड महिना आलेलीच नाही, आणि रविवारी परीक्षा आहे.

आता तुम्ही म्हणाल, बापाने सरळ मुलीला विचारायचं. पण क्लेम खात्यात विचारणं हा शेवटचा उपाय असतो. विचारलं की समोरचा सावध होतो. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की शशिकलाबाई गेल्यापासून त्या घरात तीनच वाक्यं उरली होती: जेवलीस का, गॅस बंद केलास का, दार लाव. चौथं वाक्य कसं सुरू करतात तेच विनायकरावांना आठवत नव्हतं. आणि तिने 'हो, आहे एक मुलगा' म्हटलं असतं तर ती गेली असती, आणि मग त्या घरात ते आणि ती बरणी. 

शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बरणी घरी ठेवायची सोय नव्हती, गंगाबाई परत आल्या होत्या. म्हणून ती टॉवेलमध्ये गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत घातली. रुचिरा स्टँडवर उरणच्या बसमध्ये चढली. विनायकराव रिक्षात बसले आणि आयुष्यात एकदा तरी म्हणायचं होतं ते वाक्य म्हणाले, "त्या बसच्या मागे घ्या."

"मागे कशाला?" रिक्षावाला म्हणाला. "धूळ खायची फुकटची. बस कुठली हाय ते म्हाईत हाय, पुढे जाऊन थांबू की."

पाठलाग असा पुढून झाला. सगळा रस्ता डंपरांच्या रांगेतून, मांडीवर बरणी घट्ट धरून. बस प्रत्येक थांब्याला मागून येई, विनायकराव वाकून बसत, रुचिरा उतरत नसे, की रिक्षा पुन्हा पुढे. गव्हाणला ती उतरली. विनायकराव कुणाच्यातरी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे उभे राहिले. फ्लेक्स गुडघ्यापर्यंतच होता आणि त्यांची ऑफिसची पँट गावातल्या सगळ्यांना दिसत होती, पण रुचिरा मागे न बघता एका गल्लीत शिरली.

गल्लीच्या टोकाला अंगण होतं. अंगणात ताडपत्रीवर लाल मिरच्यांचा सडा, कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मसाला कुटायचा डंख धाडधाड चाललेला, आणि चुलीवरच्या मोठ्या कढईपाशी तोंडाला ओढणी बांधून उलथणं चालवत असलेली त्यांची मुलगी. घरी साधी फोडणी दिली तरी खिडकी उघडणारी ही मुलगी.

विनायकरावांनी दारातून गर्जना करायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि मिरचीचा धूर घशात गेला. त्यांना शिंक आली. मग दुसरी. एकूण नऊ. डंख थांबवण्यात आला. बायका कामं सोडून मोजत उभ्या राहिल्या. कुणीतरी पाणी आणलं. इतका वेळ शिंकल्यावर आवाजात जरब राहत नाही, तरी त्यांनी प्रयत्न केला.

"कुठाय तो?"

"बाबा?" रुचिराने ओढणी खाली केली. "तुम्ही इथे?"

"तो कुठाय ते सांग. मुलगा."

ओट्यावरून एक म्हातारी उठली. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कोपरापर्यंत हात मिरचीने लाल. "पोरगा दर्यावर गेलाय," ती म्हणाली. "त्याला दोन लेकरं हायत. तुमाला काय काम हाय त्याच्याशी?"

रुचिरा कपाळाला हात लावून म्हणाली, "गुणामावशी, हे माझे बाबा."

गुणाबाईने त्यांना वरून खाली बघितलं. मग तिचा चेहरा मऊ झाला. "म्हंजे तुमी शशीताईंचं मालक. या, बसा. ताई गेली ते मना फाल्गुनात कळला. फोन केला की ताई, यंदा किती करू, तं ही पोर रडाया लागली."

"काय किती करू?" विनायकराव म्हणाले.

"मसाला. तेवीस वरसं नेते माज्याकडना. चार किलो."

विनायकराव हसले. असे क्लेम त्यांनी पाहिले होते. "बाई, काहीतरी गैरसमज होतोय. आमचा मसाला उंब्रजचा. घरी होतो. दर मे महिन्यात दोन दिवस आमच्या घरात मिरची भाजतात, मला बाहेर काढतात, खोकून खोकून शेजारी..."

"दोन मिरच्या तव्यावर टाकायची ताई," गुणाबाई म्हणाली. "वासाला."

 विनायकरावांनी रुचिराकडे पाहिलं. रुचिराने मान खाली घातली, म्हणजे कागद खरा होता.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी आईने तुमच्या उंब्रजच्या पद्धतीने केला होता," रुचिरा म्हणाली. "आठ दिवस खपून. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आईसारखा नाही. पुढच्या वर्षी तिने मावशीकडून आणला. तेव्हा तुम्ही म्हणालात, हा खरा. मग तिने सांगितलंच नाही. मलाही मावशीकडूनच कळलं."

विनायकराव ओट्यावर बसले. तेवीस वर्षं ते पाहुण्यांना गव्हाणचा मसाला उंब्रजचा म्हणून वाढत आले होते, आणि वर सांगत होते की इथले मसाले मासळीला ठीक. त्या सगळ्या जेवणांत शशी समोर उभी राहून वाढत असायची. चेहऱ्यावर एक रेघ हलू न देता. त्यांना राग यायला हवा होता. राग आलाही, पण तो कुणावर काढायचा ती जागा रिकामी होती.

मग दुसरंच काहीतरी आत तुटलं. "म्हणजे हा तिच्या हातचा नाहीच," ते बॅगेवर हात ठेवून म्हणाले. "मी आठ महिने ... रेघा मारत होतो."

"असा कसा नाय?" गुणाबाई म्हणाली. "ताई दर वरसाला पोटली आणायची घरना. काळी भुकटी. म्हणायची, मावशी, ही घाला, हिच्याबिगर आमचे हे जेवायचे नाहीत. काय हाय विचारला तं हसायची. कारळं म्हणू तं तसा बी नाय, तीळ म्हणू तं तसा बी नाय. ती पोटली तिच्या हातची."

"तीच शोधतेय मी," रुचिरा म्हणाली. "म्हणून डबीतून थोडा थोडा आणत होते. वास घ्यायला, जिभेला लावून बघायला. बरणी संपली तर परत कधीच कळणार नाही. एकोणीस वेळा करून पाहिलं."

"आणि क्लास?"

"बाबा, मला बँकेत नाही बसायचं. मला हे करायचंय. इथे आले की..." तिने कढईकडे पाहिलं. "इथे आले की मी दिवसभर रडत नाही. आणि रडले तरी सगळ्याच रडत असतात. मिरचीने."

"मला सांगायचंस."

रुचिराने उलथणं उचललं आणि ती कढई खरवडायला लागली. त्या खरवडण्यात विनायकरावांना जे ऐकू आलं ते सत्तावीस वर्षांत कुठल्याही फायलीत आलं नव्हतं. त्यांनी गंगाबाईंवर संशय घेतला, निसर्गावर घेतला, जन्माला न आलेल्या निकेशवर घेतला. त्यांच्याच घरातल्या दोन बाया त्यांच्यापासून एकच मसाला लपवत होत्या, आणि कुणामुळे, हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

"तुझी आई घाबरायची का मला?"

"घाबरायची नाही," रुचिरा म्हणाली. "कंटाळायची."

हे त्यांना फार लागलं. ते पटलं म्हणून जास्तच लागलं.

गुणाबाईने मध्ये पडून चहा मागवला. चहाबरोबर रुचिराने कागदावर चिमूटभर मसाला आणून पुढे धरला. विसावा प्रयोग, परवाचा.  विनायकरावांनी जिभेवर ठेवला. पहिल्या क्षणालाच त्यांना कळलं, हा शशीचा नाही. खमंग होता, मागून एक गोडसर धूर होता, चांगलाच होता. पण तिचा नव्हता. चोवीस वर्षांपूर्वी अशीच एक बाई ताट वाढून समोर उभी होती आणि त्यांनी तोंड उघडलं होतं.

"तिच्यासारखा नाही," ते म्हणाले.

रुचिराचा चेहरा पडला.

"थांब. माझं वाक्य पूर्ण होऊ दे, मी आयुष्यभर अर्धंच बोललोय." त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. "तिच्यासारखा नाही. तुझा आहे. मला आवडला. खोटं बोलत नाही, खोटं मला जमत नाही, तुझ्या आईला जमायचं."

रुचिरा हसली, आणि हसता हसता ओढणी डोळ्यांना लावली. ओढणी मिरचीने भरलेली, त्यामुळे पुढची पाच मिनिटं डोळ्यांवर पाणी मारण्यात गेली. त्यात विनायकरावांनीही आपले डोळे धुवून घेतले.

रुचिराचा हा नवा मसाला ओट्यावर परातीत पसरला होता, उन्हाने कोमट. गुणाबाई म्हणाली, "आमी जुन्यातला मूठभर नव्यात टाकतो. बरणी कदी रिती ठेवत नाय. पण तुमचा तुमी बगा."

विनायकरावांनी बॅग उघडली, टॉवेल सोडला. बरणीत चार बोटं मसाला होता. वर्षश्राद्धाला पुरेल की नाही याचा त्यांनी इतक्या वेळा विचार केला होता की डोळे मिटूनही ती पातळी दिसत असे. त्यांनी झाकण काढलं. वास घेतला, बराच वेळ. रुचिरा म्हणाली, "बाबा, सगळा नको. थोडा ठेवा." त्यांनी मान हलवली आणि बरणी परातीवर पालथी केली, तळाला दोनदा थापटलं, कडेला चिकटलेलं बोटाने निपटून काढलं. मग दोन्ही हातांनी तो मसाला कालवायला लागले, कोपरापर्यंत लाल होत, जुना कुठला आणि नवा कुठला ते दिसेनासं होईपर्यंत.

गुणाबाई शेजारी उभी राहून बघत होती. "साहेब," तिने विचारलं, "मग यंदा किती करू?"

विनायकरावांनी हात न थांबवता मुलीकडे मान वळवली.

"तिला विचारा," ते म्हणाले.